नव्या ब्रँडच्या कॅमेरा-लेन्सना रिव्ह्यूअर न्याय देतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही चिंचवडला राहता, तीन वर्षांपासून लग्नं शूट करता आणि आता पोर्ट्रेटसाठी ८५ मिमी लेन्स घ्यायची आहे. बॉडीच्या, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याच्या, कंपनीची लेन्स बजेटबाहेर आहे. एका नव्या चिनी कंपनीची तशीच लेन्स तिच्या तिसऱ्या हिश्शात मिळते आहे. एका रिव्ह्यूअरनं सांगितलं, ‘प्रोफेशनल कामासाठी हिचा विचारही करू नका.’ दुसऱ्यानं सांगितलं, ‘हिच्यापुढे मोठ्या कंपनीची लेन्स घ्यायला कारणच उरत नाही.’ लेन्स दोघांकडे एकच. म्हणून तुम्ही विचारलंय, की हे लोक नव्या ब्रँडना न्यायानं वागवतात का आणि आपण ऐकायचं कुणाचं.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ती ध्यानात राहील. मी बावीस वर्षं पुण्यात कॅमेरे, लेन्सेस आणि लाइट भाड्यानं देतो. त्याआधी लग्नं शूट करायचो. मधली पाच-सहा वर्षं रिव्ह्यूही लिहिले. मी कुठल्याही कंपनीचा विक्रेता नाही, पण माझ्या कपाटात जुन्या ब्रँडचा माल जास्त आहे, कारण गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं. म्हणजे जुन्या नावांचा भाव टिकण्यात माझाही पैसा गुंतलेला आहे. हे धरूनच माझं म्हणणं वाचा.

माझ्या मते न्याय मिळत नाही. पण लोक समजतात तसं, कुणीतरी पाकीट घेतलं आणि खोटं बोललं, असं मला फार कमी वेळा दिसलं. मला दिसतं ते असं, की सवयीच्या गोष्टींत नव्या ब्रँडला फार कडक मोजतात आणि टिकण्याच्या गोष्टींत फार सैल सोडतात. दोन्ही चुका बऱ्याचदा एकाच रिव्ह्यूत सापडतात. पहिलीमुळे कंपनीचं नुकसान होतं, दुसरीमुळे तुमचं. मला जास्त काळजी दुसरीची आहे.

सवयीचं आधी उरकतो. पंधरा वर्षं एकाच कंपनीचा कॅमेरा वापरलेल्या माणसाचा अंगठा आपोआप ठरावीक बटणावर जातो. दुसरा कॅमेरा हातात आला की तो म्हणतो, ‘मेनू गोंधळात टाकणारा आहे.’ रंगांचंही तसंच. ‘स्किन टोन नैसर्गिक नाही’ हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, कुणाच्या तुलनेत? बहुतेक वेळा उत्तर असतं, ‘माझ्या नेहमीच्या कॅमेऱ्याच्या.’ आपल्याकडे हळदीच्या दिवशी नवरीचा चेहरा पिवळा, मांडवाचं कापड लाल आणि वर एलईडीचा हिरवट उजेड असतो. त्यात कुठल्याच कॅमेऱ्याचा रंग कार्डातून काढल्या काढल्या बरोबर येत नाही. तो दोष एका ब्रँडच्या नावावर लिहिणं चूक आहे.

आज जो ब्रँड कुणाला नवखा वाटत नाही, त्याच्यावरून हे चांगलं कळतं. सोनीनं २००६ साली कोनिका मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा धंदा घेतला. २०१३ साली तिचा ए७ हा कॅमेरा आला, तेव्हा माझ्याकडे येणारे फोटोग्राफर त्याला ‘टीव्हीवाल्यांचा कॅमेरा’ म्हणायचे आणि रिव्ह्यूंतही तोच सूर होता. पण त्या वेळच्या टीकेतला बराच भाग खरा होता. जपानच्या सीपा या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या पद्धतीनं मोजलं, तर ए७ची बॅटरी साधारण ३४० फोटोंत संपायची. त्याच काळात कॅननच्या ५डी मार्क ३चा आकडा ९५० होता. लग्नाच्या दिवशी हा फरक खिशातल्या चार जादा बॅटऱ्यांत मोजावा लागायचा. सोनीच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फोटोत, माहिती कापली जायची. तक्रारी वाढल्यावर २०१५ साली कंपनीनं न कापलेली रॉ दिली. २०१८च्या ए७ ३ मध्ये बॅटरी ७१० फोटोंवर गेली. म्हणजे कडक बोलल्याचा फायदा वापरणाऱ्यांना झाला. नव्या कंपनीवर टीका होऊ नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. टीका मोजता येणाऱ्या गोष्टीवर व्हावी. अंगठ्याच्या सवयीवर नको.

आता सैलपणाकडे येतो. २०१८ साली निकॉनचे झेड६ आणि झेड७ आणि कॅननचा ईओएस आर हे कॅमेरे आले. तिन्हींत कार्डाला एकच खाच होती. त्यावरून रिव्ह्यूअरनी दोन्ही कंपन्यांना जे सोलून काढलं, ते तुम्हाला आठवत असेल. लग्नाच्या फोटोग्राफरच्या दृष्टीनं ते योग्यच होतं, कारण कार्ड गेलं तर लग्न पुन्हा लागत नाही. पण त्याआधी सोनीच्या ए७ आणि ए७ २ मध्येही एकच खाच होती आणि तेव्हा एवढा गहजब झाल्याचं मला आठवत नाही. ‘सिस्टीम नवी आहे, पुढे सुधारेल’ म्हणून ती गोष्ट एका ओळीत संपायची. तुमचं कार्ड बिघडतं तेव्हा सिस्टीम नवी की जुनी, हे ते बघत नाही.

आज हाच सैलपणा ‘या किमतीत’ या दोन शब्दांत असतो. या किमतीत फोकस चांगला आहे. या किमतीत बांधणी उत्तम आहे. अहो, अंतरपाट दूर होतो तो क्षण किती असतो? ‘शुभमंगल सावधान’ म्हणताच भटजी कापड ओढतात, दोघांची नजर भेटते, अक्षता पडायला लागतात, आणि त्या उडत्या तांदळांमधून डोळ्यावर फोकस राहिला तर राहिला. दोन-तीन सेकंद. त्या दोन-तीन सेकंदांत ‘या किमतीत’ला जागा नाही. लेन्सनं अक्षतांवर फोकस धरला आणि चेहरा मऊ, म्हणजे धूसर, आला, तर मुलीच्या वडिलांना तुम्ही लेन्सची किंमत सांगणार आहात का? किंमत रिव्ह्यूत शेवटी यावी. आधी लेन्स काय करते आणि काय करत नाही, ते तिच्या तिप्पट किमतीच्या लेन्सबरोबर सारख्याच परीक्षेत दाखवावं. मग वाचणारा स्वतः ठरवेल, की आपण त्या फरकाचे किती पैसे द्यायचे.

टिकण्याबद्दल मी एवढा का बोलतो, ते एका प्रसंगावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी विसर्जन मिरवणुकीला माझ्याकडून दोन ८५ मिमी लेन्सेस गेल्या. एक जुन्या ब्रँडची स्वस्तातली, एक नव्या ब्रँडची. दोन्ही एकाच ग्रूपकडे होत्या. मंडईपासून लक्ष्मी रोडनं अलका चौकापर्यंत, एक दिवस आणि एक रात्र. मध्ये पावसाची सर, वर गुलाल, चहूकडे ढोल-ताशे. दोन्ही परत आल्या तेव्हा बाहेरून पुसलेल्या होत्या. माझ्याकडे दुरुस्तीला बसणाऱ्या काकांनी दोन्ही टेबलावर घेतल्या, कानाशी धरल्या आणि फोकस रिंग फिरवली. नव्या लेन्सची रिंग किरकिरत होती. रबर उचकटून काढलं तर खालच्या खाचेत गुलाबी पेस्ट झालेली. माउंटला, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तिथे, पावसापासून वाचवणारी रबराची कडी होती आणि रिव्ह्यूंमध्ये त्या कडीचा क्लोजअप दाखवून ‘वेदर सील्ड’ म्हटलेलं होतं. रिंगखाली मात्र कसलंच सील नव्हतं. आता जुन्या ब्रँडची ऐका. तिला माउंटलाही रबर नव्हतं आणि पुढच्या काचेच्या आत बारीक धूळ गेली होती. पण तिच्या रिव्ह्यूत सील नसल्याचा उल्लेखसुद्धा मला कुठे सापडला नव्हता. नाव मोठं म्हणून कुणी विचारलंच नाही.

‘वेदर सील्ड’ या शब्दामागे बहुतेक कंपन्या कसलाही आकडा देत नाहीत, हे कायम लक्षात ठेवा. धूळ-पाण्यापासून संरक्षण किती, ते आयपी या आकड्यानं सांगतात. लायकाचा एसएल२ हा कॅमेरा आयपी५४ म्हणून आणि ओएम-१ हा कॅमेरा आयपी५३ म्हणून जाहीर आहे, पण असे अपवाद मोजकेच. बाकी सगळे ‘धूळ आणि ओलाव्याला प्रतिकार करणारी रचना’ एवढंच लिहितात. प्रश्न विचारायचा तर जुन्यालाही विचारा, नव्यालाही.

खरा फरक पुढे दिसला. जुन्या ब्रँडची लेन्स सर्व्हिस सेंटरला दिली, नऊ दिवसांत साफ होऊन आली, बिल लागलं पण काम झालं. नव्या ब्रँडची लेन्स आयात करणाऱ्याकडे पाठवली. महिना गेला, दोन गेले. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, की रिंगचा सुटा भाग मिळत नाही, हवं तर नवी लेन्स सवलतीत देतो. त्या लेन्सवर मी तेव्हा डझनभर रिव्ह्यू पाहिले असतील. एकानंही सांगितलं नव्हतं, की बिघडली तर भारतात ती कोण उघडणार. उलट अनुभवही आहे आणि तो लपवणं बरोबर होणार नाही. दुसऱ्या एका नव्या कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरनं फोकस अडकणारी लेन्स आठवड्यात बदलून दिली, आणि एका मोठ्या जुन्या नावाच्या झूमचा पार्ट येण्यात माझे चार महिने गेले. म्हणून ‘नवी कंपनी म्हणजे सर्व्हिस नाही’ असं सरसकट म्हणू नये. पण विचारायला हवं, आणि विचारून लिहायला हवं. अमेरिकेत किंवा युरोपात बसलेल्या रिव्ह्यूअरला हा प्रश्नच पडत नाही, कारण तो लेन्स दुकानात परत देऊन मोकळा होतो. पुण्यात बसून त्याचंच ऐकून आपणही तसंच बोलायला लागलो, ही खटकणारी गोष्ट आहे.

तिकडच्या रिव्ह्यूत आणखी एक गोष्ट राहून जाते. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. आपल्या साध्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. सेन्सर हळू वाचणारा कॅमेरा इलेक्ट्रॉनिक (पडदा न हलवणाऱ्या, आवाज न करणाऱ्या) शटरवर मंगल कार्यालयात वापरला, की फोटोत आडवे पट्टे येतात. शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला तर बरेच जातात, पण स्टेजच्या डिमरवरच्या एलईडीची लय वेगळीच असते आणि तिथे तेही चालत नाही. आपल्या पावसाळ्यात लेन्सला लागणारी बुरशी तर त्यांच्या गावीही नसते. हे आपणच इथे तपासायला पाहिजे. तपासतो कोण? फार थोडे.

कॉपीचा, म्हणजे एकाच मॉडेलच्या एकेका नगाचा, मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. लेन्समध्ये दहा-पंधरा काचा असतात. त्यातली एक जरा तिरकी बसली, की एक कोपरा मऊ पडतो. हे प्रत्येक कंपनीत होतं. अमेरिकेत लेन्सरेंटल्स या भाड्यानं सामान देणाऱ्या कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलच्या अनेक कॉप्या यंत्रावर मोजून वर्षानुवर्षं दाखवलं, की महागड्या लेन्सेसमध्येही कॉपीगणिक फरक असतो. रिव्ह्यूअरकडे मात्र एकच कॉपी येते. ती वाईट निघाली, तर जुन्या ब्रँडच्या बाबतीत तो म्हणतो, ‘माझी कॉपी खराब असावी, दुसरी मागवतो.’ नव्या ब्रँडच्या बाबतीत म्हणतो, ‘क्वालिटी कंट्रोल नाही.’ मी नेमकं हेच केलं होतं. एका नव्या कंपनीच्या ३५ मिमीची उजवी बाजू मऊ होती. मी लिहून टाकलं, की ही लेन्स घेऊ नका. चार महिन्यांनी एका गिऱ्हाइकानं तीच लेन्स आणली. सहज तपासली तर चारही कोपरे व्यवस्थित. मग दुकानातून आणखी एक मागवली, तीही चांगली. मी दुरुस्ती छापली, पण पहिलं वाचलेल्या किती जणांनी दुसरं वाचलं असेल? त्या चार महिन्यांत माझ्या शब्दावर काही जणांनी दुप्पट पैसे घालून दुसरी लेन्स घेतली असणार. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

उलटही होतं. रिव्ह्यूअरकडची कॉपी कंपनीनं निवडून पाठवलेली असते. मी लिहीत होतो तेव्हा एका डिस्ट्रिब्युटरच्या माणसानं मला सरळ सांगितलं होतं, ‘सर, तुमच्यासाठी चेक करून ठेवलीय.’ तो चांगल्या मनानं म्हणाला. पण गिऱ्हाइकाला चेक केलेली मिळत नाही, त्याला पेटीतली वरची मिळते. त्यामुळे लेन्स विकत घेतली, उसनी आणली की कंपनीनं पाठवली, हे पहिल्या मिनिटात सांगणाऱ्या माणसाचा मला आदर वाटतो, मग त्याचं मत काहीही असो.

सगळ्या नव्या किंवा ‘बाहेरच्या’ लेन्सवाल्यांना एका माळेत ओवण्याची खोडही जुनीच आहे. सिग्मा ही जपानी कंपनी १९६१ पासून आहे. तरी मी धंद्यात आलो तेव्हा ‘सिग्मा आहे का? नको मग’ असं गिऱ्हाईक तोंडावर म्हणायचं. २०१२ साली त्यांची ३५ मिमी एफ १.४ आर्ट ही लेन्स आली. जपानमधल्या आइझूच्या कारखान्यात प्रत्येक लेन्स मोजूनच बाहेर सोडायला त्यांनी सुरुवात केली, आणि तेच गिऱ्हाईक नाव घेऊन मागू लागलं. गोडॉक्सचं मी डोळ्यांसमोर पाहिलं. शेन्झेनची ही कंपनी १९९३ पासूनची. एडी२०० हा त्यांचा बॅटरीवर चालणारा फ्लॅश आपल्या लग्नवाल्यांनी पटापट उचलला, कारण मांडवात वायर ओढायची कटकट गेली. ज्या महिन्यात रिव्ह्यूअर अजून ‘टिकेल का’ म्हणत होते, त्या महिन्यात माझ्याकडचे सगळे एडी२०० दर शनिवार-रविवार बाहेर असायचे. बाजारानं रिव्ह्यूंची वाट पाहिली नाही.

पण ज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, त्याचंही एक उदाहरण ध्यानात ठेवा. सॅमसंगनं २०१४ साली एनएक्स१ हा कॅमेरा काढला. २८ मेगापिक्सेल, सेकंदाला १५ फोटो, फोरके व्हिडिओ. त्या वेळी त्याच्या वर्गात तो खरोखर पुढे होता आणि रिव्ह्यूंनी त्याला डोक्यावर घेतलं. ते कौतुक खोटं नव्हतं. पुढच्या एक-दोन वर्षांत सॅमसंग कॅमेऱ्यांच्या धंद्यातून बाहेर पडली. ज्यांनी बॉडीबरोबर लेन्सेस घेतल्या, त्यांच्या हातात असा माउंट राहिला ज्याला पुढे काही येणार नव्हतं. कॅमेरा कसा आहे, हे रिव्ह्यूनं बरोबर सांगितलं. ही कंपनी पाच वर्षांनी या धंद्यात असेल का, हा प्रश्न कुणी ठळकपणे विचारला नाही. लेन्स घेणं म्हणजे माउंटशी संसार मांडणं आहे. तो प्रश्न विचारणं हाही रिव्ह्यूच आहे.

माउंटवरून आठवलं. नव्या लेन्स कंपन्यांवर एक अन्याय असा होतो, जो वाचणाऱ्याला कळतही नाही. बॉडी आणि लेन्स एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात, ती भाषा बॉडीच्या कंपनीची मालमत्ता असते. सोनीनं २०११ साली आपल्या ई-माउंटची मूलभूत माहिती दुसऱ्या कंपन्यांना खुली केली, म्हणून त्या माउंटला आज एवढ्या लेन्सेस आहेत. तरीही वेगवान बॉडीवर बाहेरच्या कंपनीची लेन्स लावली, की फोटोंचा वेग सेकंदाला १५ वर थांबतो. भिगवणला उडणाऱ्या रोहित पक्ष्यांवर सोनीचा वेगवान ए१ कॅमेरा रोखलात, तर सोनीच्या लेन्सवर ३० आणि बाहेरच्या झूमवर १५. ‘या लेन्सवर वेग निम्मा होतो’ असं रिव्ह्यूत येतं. ती मर्यादा बॉडीवाल्यानं घातली आहे, हे वाक्य गळून जातं. कॅननच्या आरएफ माउंटचं तर २०२२ साली असं झालं, की व्हिल्ट्रॉक्स या चिनी कंपनीला आपल्या ऑटोफोकस लेन्सेस बाजारातून काढाव्या लागल्या आणि कॅननच्या बाजूनं पेटंटचं कारण पुढे आलं. सिग्मा आणि टॅमरॉन या जपानी लेन्स कंपन्यांना परवाना मिळाला तो २०२४ साली, तोही एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या, लेन्सेससाठी. ज्या माउंटला परवाना नाही, त्यासाठी नवी कंपनी ही भाषा उलगडून शिकते. उद्या बॉडीचा फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदलला आणि लेन्स गोंधळली, तर तिचाही फर्मवेअर बदलावा लागतो. बऱ्याच नव्या लेन्सेसच्या माउंटपाशी यूएसबीचं भोक त्यासाठीच असतं. हे रिव्ह्यूत न सांगणं दोन्ही बाजूंवर अन्याय आहे. कंपनीवर, कारण दोष तिचा नसतो. तुमच्यावर, कारण मनस्ताप तुमचा असतो.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते मनात असणारच. आपल्याकडे आता नियम बरे आहेत. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेनं २०२१ साली इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. कंपनीशी आर्थिक नातं असेल तर ते उघड करायचं, नाही केलं तर १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हिडिओ असेल तर ते लिहूनही दाखवायचं आणि बोलूनही सांगायचं, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत. म्हणजे मराठी व्हिडिओच्या खाली बारीक इंग्रजीत दोन शब्द टाकून भागत नाही. १ जुलै २०२२ पासून वर्षात २० हजारांपेक्षा जास्त किमतीची भेटवस्तू धंद्याच्या निमित्तानं मिळाली, तर त्यावर १० टक्के कर कापून घ्यायचा नियम आला. रिव्ह्यूसाठी आलेली लेन्स ठेवून घेतली तर ती भेट, परत केली तर नाही, असं आयकर खात्यानं तेव्हाच स्पष्ट केलं. त्यामुळे ‘लेन्स परत पाठवली का?’ हा प्रश्न रिव्ह्यूअरला खुशाल विचारा.

इथे नव्या ब्रँडची अडचण वेगळी असते. त्याला कुणी ओळखत नाही, म्हणून तो लेन्सेस सढळ हातानं वाटतो. मोठ्या ब्रँडला वाटायची गरज पडत नाही. त्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं आणि लाँचच्या आठवडाभर आधी कॅमेरा हातात मिळणं, हेच रिव्ह्यूअरसाठी मोलाचं असतं. ते बंद होईल ही धास्ती कुठल्याही फुकट लेन्सपेक्षा मोठी आहे. २०२४ साली गूगलच्या पिक्सेल फोनच्या एका कार्यक्रमात तर लेखी अटच निघाली होती, की दुसऱ्या कंपनीच्या फोनला झुकतं माप दिलंत तर नातं संपू शकतं. बोभाटा झाल्यावर कंपनीनं ती काढली. माझ्यापुरतं सांगतो, एका मोठ्या ब्रँडच्या किट लेन्सबद्दल (कॅमेऱ्याबरोबर पेटीत येणाऱ्या) मी खरं ते लिहिलं आणि त्यानंतर त्यांच्याकडून काही आलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी धमकी दिली नाही. फोन उचलणं बंद झालं, एवढंच. शिवाय रिव्ह्यूखाली दिलेल्या लिंकवरून विक्री झाली की मिळणारं कमिशन बहुधा टक्क्यांत असतं. दीड लाखाच्या लेन्सचे दोन टक्के आणि पस्तीस हजारांच्या लेन्सचे दोन टक्के, हा हिशेब कुणालाही कळतो. मी असं म्हणत नाही, की रिव्ह्यूअर हा हिशेब डोक्यात ठेवून बोलतो. पण कुठल्या लेन्सवर तीन व्हिडिओ करायचे आणि कुठल्या लेन्सवर एकही नाही, हे त्यातून नकळत ठरत जातं. चांगल्या, सावकाश चाचण्या करणाऱ्यांचं पोट भरणं अवघड झालंय, हेही खरं. १९९८ पासून चालू असलेलं डीपीरिव्ह्यू हे कॅमेऱ्यांच्या परीक्षणांचं संकेतस्थळ २०२३ साली ॲमेझॉननं बंद करायचं जाहीर केलं होतं. काही महिन्यांनी दुसऱ्या कंपनीनं ते विकत घेतलं म्हणून वाचलं.

मी कुणाचं ऐकतो? जो दोन्ही लेन्सेस एकाच दिवशी, एकाच उजेडात, एकाच बॉडीवर लावतो आणि चुकलेले फोटोही दाखवतो, त्याचं. सहा महिन्यांनी परत येऊन सांगतो, की अजून वापरतोय किंवा विकली, त्याचं तर नक्कीच. लाँचच्या दिवशी आलेला रिव्ह्यू मी माहितीसाठी बघतो, निर्णयासाठी नाही. आणि ज्यांना ती विकायची नाही अशा दोन माणसांना विचारतो. एक दुरुस्ती करणारा, दुसरा सेकंडहँड माल घेणारा. दुरुस्तीवाला सांगतो काय बिघडतं. सेकंडहँडवाला सांगतो, वर्षानं ती किती भावानं घ्यायला तयार होईल. नव्या ब्रँडच्या लेन्सचा भाव जास्त उतरतो, पण मुळात रक्कमच लहान असते, त्यामुळे एकूण तोटा कधी कधी कमीच भरतो. हे गणित कागदावर मांडून बघा, अंदाजानं धरू नका.

तुमच्या ८५ बद्दल माझं मत असं, की घ्यायला हरकत नाही. तुमचं मुख्य काम २४-७० मिमीच्या झूम लेन्सवर होतं आणि ८५ तुम्ही पोर्ट्रेटला वापरणार, म्हणजे अंतरपाटाच्या क्षणी ती एकटीच्या भरवशावर नाही. पण आधी एका दिवसासाठी भाड्यानं आणा, माझ्याकडूनच असं नाही, कुठूनही. मित्राच्या लग्नात किंवा साखरपुड्यात, जिथे तुम्ही कामावर नाही, तिथे तिचं छिद्र (अॅपर्चर) पूर्ण उघडं ठेवून चालत्या माणसांवर तीनशे फोटो काढा आणि घरी येऊन किती डोळ्यांवर फोकस बसला ते मोजा. पक्कं बिल असेल तरच घ्या. बिलाशिवाय मिळणारी ग्रे मालाची लेन्स थोडी स्वस्त पडेल, पण वॉरंटीसाठी कुणाच्या दारात उभं राहायचं ते कळणार नाही. वॉरंटी कोण देतं, दुकान की आयात करणारा, आणि लेन्स दुरुस्तीला कुठल्या शहरात जाते, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. काही दिवसांत बदलून देणार का, तेही विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

लेन्स घरी आली की त्याच दिवशी एक काम करा. वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान घ्या, तशी चार पानं भिंतीवर कडेला कडा लावून चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर, दोन सेकंदांचा टायमर. एकदा छिद्र पूर्ण उघडं, एकदा थोडं लहान करून एफ ४ वर. मग कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठं करून चारही कोपऱ्यांतल्या जाहिराती वाचा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ती लेन्सची जात आहे, चालेल. तीन कोपऱ्यांतले फोन नंबर वाचता आले आणि चौथ्यातला नाही, तर कॅमेरा तिरका नव्हता ना हे पाहून पुन्हा एकदा काढा. तरीही तसंच आलं, तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना लेन्स आणि दोन्ही फोटो घेऊन जा.